ठसा फिका आलाय

२ मार्च, सोमवार

ही वही यांनी आणून दिली. म्हणाले, "निवृत्तीला तीन महिने राहिलेत, आता तरी ऑफिसचं सगळं मला सांगू नकोस, वहीला सांग." भूगोल शिकवून रिटायर झालेला माणूस, त्याला दिवसभर बोलायला कोणी नाही आणि संध्याकाळी माझं ऐकायला वेळ नाही. बरं, वही तर वही.

पहिल्याच दिवशी लिहायला भरपूर मिळालं. सहसचिव साहेब स्वतः पायऱ्या उतरून आमच्या करार शाखेत आले. याआधी एकदाच आले होते, छताचा पंखा पडला तेव्हा. खुर्चीवरची धूळ झटकून बसले आणि म्हणाले, "बाई, करार होतोय. सव्वीस तारखेला सह्या. त्यांचे मंत्री येणार. सगळं तुमच्या अंगावर आहे."

मी म्हटलं, "अंगावर नको साहेब, हातात द्या." ते हसले नाहीत. माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान आहेत, पण कपाळावरच्या आठ्या माझ्याहून जास्त.

समुद्रापलीकडच्या या शेजाऱ्याशी आपलं धड भांडणही नाही आणि धड मैत्रीही नाही. सहा वर्षांपूर्वी सगळं जुळत आलं होतं. टेबलावरच्या दोन झेंड्यांच्या काठ्यांत बोटभर फरक निघाला आणि पाहुणे चहाला न थांबता विमानतळावर गेले. झेंडे माझ्याकडे नव्हते, हे इथे स्पष्ट लिहून ठेवते.

या वेळी अठ्ठावीस कलमं आहेत. जकात कमी, आठवड्याला तीन जहाजं, नाटकमंडळींची आणि संग्रहालयांतल्या वस्तूंची देवाणघेवाण. मी मात्र सरळ चौदावं उघडलं: एकमेकांच्या पदव्या मान्य. आमची लेक साडेचार वर्षं तिकडे राहून फिजिओथेरपी शिकून आली. इथे ती पदवी चालत नाही. दीड वर्ष झालं, एका दवाखान्यात ती पेशंटच्या वेळा लिहून घेते. ज्यांचे गुडघे ती बरे करू शकते, त्यांना ती बसायला खुर्ची दाखवते.

घरी काही बोलले नाही. कागदावर शाई लागेपर्यंत बोलायचं नाही, हा आमच्या शाखेचा नियम आहे.

४ मार्च, बुधवार

लोकांना वाटतं करार मंत्री करतात. मंत्री सह्या करतात. करार आम्ही करतो, म्हणजे कागद, पुठ्ठा, फीत आणि लाख. एकतीस वर्षांत बेचाळीस करार माझ्या हाताखालून गेले आणि एकदा लावलेली मोहोर एकदाही तोडावी लागलेली नाही. ही फुशारकी नाही, रेकॉर्ड आहे. थोडी फुशारकीही आहे.

नियम अगदी सोपा आहे. प्रती दोन असतात. जी आपल्याकडे राहते तिच्यात आपल्या देशाचं नाव आधी आणि आपल्या मंत्र्यांच्या सहीची जागा डावीकडे. जी त्यांच्याकडे जाते तिच्यात सगळं उलट. म्हणजे आपापल्या घरात दोघंही पहिले आणि कोणीच दुसरं नाही. हे ज्याने पहिल्यांदा शोधून काढलं तो नक्की दोन मुलांचा बाप असणार.

९ मार्च, सोमवार

त्यांचा माणूस आला. माझ्याच कामाचा, त्यांच्या करार शाखेचा प्रमुख. साठीला टेकलेला, उंच, कोटाची सगळी बटणं लावलेली, आणि वरच्या खिशात पेनाच्या जागी सहा इंची पोलादी फूटपट्टी! नमस्कार केला, बसला आणि पहिलं काय केलं असेल तर आमच्या पुठ्ठ्याची जाडी मोजली. मग फितीची रुंदी. मग समासाची. मग सोबतच्या दुभाषी बाईंच्या तोंडून म्हणाला, "खालचा समास वरच्यापेक्षा दोन मिलिमीटर कमी आहे."

मी म्हटलं, "त्यांना सांगा, मला माहीत आहे. लाखेच्या वजनाने पान खाली ओढलं जातं, मग ते सारखं दिसतं."

त्याने पुन्हा मोजलं. मान हलवली. पटलं की नाही, देव जाणे. मी त्याचं नाव 'फूटपट्टी' ठेवलंय. हा गृहस्थ माझ्या नाकी नऊ आणणार.

१३ मार्च, शुक्रवार

फितीवरून दोन दिवस वाद. फीत दोरंगी असते, एक रंग आपला, एक त्यांचा. त्याचं म्हणणं, दोन्ही रंग अगदी सारख्या रुंदीचे हवेत. आमच्या दुकानदाराच्या फितीत आपला रंग केसभर जास्त होता. मला ते दिसलंसुद्धा नव्हतं, पण कबूल कशाला करू? मी म्हटलं, "धुतल्यावर आटतो." तो म्हणाला, "करार धुणार आहात का?" दुभाषी बाईंना हे सांगताना हसू आवरेना. शेवटी नवी फीत आणली. त्याने ती मोजली आणि पहिल्यांदाच हसला. दात चांगले आहेत.

चहा बिनसाखरेचा घेतो आणि कप बशीच्या बरोब्बर मध्यावर ठेवतो.

१८ मार्च, बुधवार

काल आणि आज मिळवणी. टेबलाच्या एका बाजूला मी, समोर तो, मध्ये दोन्ही भाषांतला मजकूर. एकाने ओळ वाचायची, दुसऱ्याने बोट फिरवायचं. अठ्ठावीस कलमं, दोन भाषा, दोन प्रती. बाविसाव्या कलमात त्याने एक सुटलेला आकडा पकडला. सव्विसाव्यात मी त्यांच्या बाजूचा एक पकडला. एक एक झालं. चौदावं कलम मी तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा त्याने काही न विचारता अगदी सावकाश वाचलं.

घरी आले तर यांचा प्रश्न तयार, "आज फूटपट्टी काय म्हणाली?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"मला काही नाही. दहा दिवस तू दारातून आत येतेस ते त्याचंच सांगत. पूर्वी निदान डोकं दुखल्याचं तरी सांगायचीस."

मी म्हटलं, त्रास देणाऱ्या माणसाचंच माणूस बोलतं. हे वर्तमानपत्रात तोंड घालून बसले.

२४ मार्च, मंगळवार

आज मोहोर. सहसचिव साहेब, त्यांचे राजदूत, आणखी चारपाच मंडळी, फोटोग्राफर. आमची खोली लहान, त्यामुळे सगळे भिंतीला पाठ लावून उभे.

कागदाच्या चळती दोन, हिरवे पुठ्ठे दोन, ज्याच्या पुठ्ठ्यावर त्याचं चिन्ह डावीकडे. आपल्या प्रतीची चळत मी नेहमी माझ्या उजव्या हाताला ठेवते, पाहुण्यांची डाव्या. एकतीस वर्षांची सवय. पण आज राजदूत समोर उभे, आणि या फूटपट्टीने इतके दिवस मापं काढून माझा जीव खाल्लेला. म्हटलं, याला दाखवूच आपल्याकडे पाहुण्याला कसं वागवतात. उजवी बाजू मानाची. मी त्यांची चळत उचलून उजवीकडे ठेवली आणि आपली डावीकडे. दुभाषी बाईंना सांगितलं, "म्हणावं, मान पाहुण्यांचा." राजदूत खूश. फूटपट्टी तर काही क्षण चळतीकडे नुसता बघत राहिला, मग इतका खाली वाकला की मलाच अवघडल्यासारखं झालं.

मग मी नेहमीसारखं भराभर केलं. चळत पुठ्ठ्यात, भोकातून फीत, गाठ. माझ्या हातांना हे डोळे मिटून येतं. शेवटच्या पानावर सह्यांच्या जागेखाली फितीच्या टोकांवर लाख ओतली, आपला शिक्का मी उमटवला, त्यांचा त्याने. टाळ्या झाल्या.

आणि इथे या माणसाने घोळ घातला. शिक्का उचलल्यावर पानाकडे बघत राहिला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. फूटपट्टी खिशातून काढली, न मोजताच परत ठेवली. मग हळूच दुभाषी बाईंना काहीतरी म्हणाला. त्या म्हणाल्या, "ते म्हणतात, आमच्या शिक्क्याचा ठसा फिका आलाय. पुन्हा करता येईल का?"

मी वाकून बघितलं. फिका? त्यांच्या चिन्हातल्या पक्ष्याची पिसं मोजून घ्यावीत इतका स्वच्छ ठसा! मी म्हटलं, "उत्तम आलाय."

तो म्हणाला, "माझ्याकडे फीत जादा आहे. सगळे गेले की कागद पुठ्ठ्यांतून काढून पुन्हा ओवू."

"ठसा फिका असेल तर लाख बदलू. कागद कशाला काढायचे? कागदांना काय धाड भरलीय?"

दोन्ही प्रती कपाटात गेल्या. कपाटाला दोन कुलपं, एक किल्ली माझी, एक त्याची. जाताना दारात थांबून त्याने तिसऱ्यांदा तेच विचारलं. मी हसतमुखाने नाही म्हटलं. माझी मोहोर आजवर तुटली नाही, ती याच्या हौसेखातर तुटणार नाही.

घरी आल्यावर दुभाषी बाईंचा फोन, "ते विचारतात, उद्या सकाळी सात वाजता भेटता येईल का? ठशासाठी." मी म्हटलं, त्यांना सांगा, झोपा काढा.

यांनी कान टवकारले होतेच. "तीनदा विचारलं, वर फोन? इतकी मापं काढणारा माणूस, त्याला ठशातलं कळत नसेल होय?"

"तेच म्हणतेय मी, कळत नाही."

"मी वेगळं म्हणत होतो," हे म्हणाले आणि भाजी वाढायला उठले.

२५ मार्च, बुधवार

चार वाजता फोटोग्राफर कालचे फोटो देऊन गेला. एकात मी शिक्का धरून उभी आहे, बरी दिसतेय. नीट बघावं म्हणून भिंग घेतलं. माझ्यासमोर आपली प्रत, वरच्या पुठ्ठ्यावर डावीकडे आपलं चिन्ह. शेवटचं पान उघडं. आणि त्या पानावर डावीकडची सहीची जागा त्यांच्या मंत्र्यांची.

मी दुसरा फोटो घेतला. मग तिसरा. भिंग पुसलं.

आपल्या पुठ्ठ्यात त्यांचे कागद आहेत आणि त्यांच्या पुठ्ठ्यात आपले. चळतींच्या जागा मी मान म्हणून बदलल्या, पण हातांना कोणी सांगितलंच नाही. उजवीकडचं ते आपलं, असं म्हणत ते आपले एकतीस वर्षांच्या वाटेने गेले.

पाणी मागितलं. शिपाईमामांनी पाणी आणून दिलं, म्हणाले, "बाई, बीपी का?" मी म्हटलं, "हो, बीपी."

उद्या अकराला सह्या. मंत्र्यांना सहीची जागा बोटाने दाखवतात, आणि दाखवणारा फक्त नाव बघतो. कोणाला कळणार नाही. प्रती कपाटात जातील आणि आपल्या घरी आपण दुसरे, त्यांच्या घरी ते दुसरे, असं कायमचं राहील. पण उद्या त्यांचे फोटोग्राफर दहा असणार, आणि त्यांच्याकडेही भिंग असेलच. आणि आता सांगितलं तर? सहसचिव साहेब घाबरून वरपर्यंत जातील, वरचे घाबरून आणखी वर. सहा वर्षांपूर्वी नुसत्या काठ्या होत्या. हे तर खुद्द करारात आहे. सह्या पुढे ढकलल्या तर चौदावं कलम गेलं. माझ्या चुकीने माझ्याच लेकीचं.

हे मी सहा वाजता, स्वयंपाकघरात बसून लिहितेय. लेक आत्ताच कामावरून आली. तिला म्हटलं, "समज, तुझ्या हातून एखाद्याच्या उजव्याऐवजी डाव्या गुडघ्यावर उपचार झाले. कोणाला कळलं नाही. काय करशील?"

"सांगेन."

"कोणाला कळलंच नाहीये म्हणतेय ना मी."

"आई, गुडघ्याला कळलेलं असतं." ती बूट काढता काढता हसली. "का? तुझे दुखतायत का?"

या पोरीला खुर्च्या दाखवायला बसवलंय! मला इतका राग आला, इतकं भरून आलं की मी उठून नळ सोडला.

दुभाषी बाईंना फोन लावला. म्हटलं, "सकाळी सात. त्यांना विचारा चालेल का." त्या म्हणाल्या, "विचारायला नको. काल तुम्ही नाही म्हणालात, तरी ते मला म्हणाले होते की उद्या आणि परवा दोन्ही दिवस सात वाजता तयार राहा. आज सकाळी आम्ही तुमच्या ऑफिसच्या दारापर्यंत येऊन परत गेलो."

२६ मार्च, गुरुवार

पावणेसातला पोचले तर ते दोघं पायरीवर उभे. त्याच्या हातात फितीचं रीळ, लाखेची कांडी, खिशात ती फूटपट्टी. मी नमस्कारही केला नाही. म्हटलं, "त्यांना सांगा, चूक माझी आहे. कागदांची अदलाबदल झालीय. मी केलीय."

दुभाषी बाईंनी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, आणि त्यांनी सांगितलं, "ते म्हणतात, ठसा फिका आला होता, म्हणून पुन्हा करायचंय."

"मी काय म्हणाले ते शब्दन् शब्द सांगा."

त्यांनी सांगितलं. त्याने खिशातून आपली किल्ली काढली. दोन्ही किल्ल्या लागल्या. एकतीस वर्षांत पहिल्यांदा मी मोहोर लावलेल्या फितीला कात्री लावली. त्याने दुसऱ्या प्रतीची स्वतः कापली, आणि कापल्यावर माझ्याकडे बघून मान हलवली. बास, इतकंच. मग कागद बदलले. मी वाचायचं, त्याने बोट फिरवायचं, मग त्याने वाचायचं. सव्वाआठला नवी फीत, नवे शिक्के होऊन लाख थंड झाली होती.

तेव्हा मी विचारलं, "परवाच दिसलं होतं तर तेव्हाच का नाही बोललात?"

"तुमचे साहेब उभे होते."

"मग काल तरी?"

तो सावकाश बोलू लागला. मग दुभाषी बाई त्याच्याइतक्याच सावकाश बोलू लागल्या. "ते म्हणतात, चौतीस वर्षं मी परदेशांत जाऊन कागद जुळवतोय. आमचा देश लहान. आमची चळत आजवर कोणी उजवीकडे ठेवली नव्हती. तुम्ही ठेवलीत आणि मी त्या आनंदात पुढचं पाहिलंच नाही. तुम्ही कागद घालत होतात तेव्हा बघत राहणं हे माझं काम होतं. म्हणून चूक अर्धी माझी, ती एकट्या तुमची म्हणून कशी सांगू?"

आणि मी त्यांची जिरवायला म्हणून ती चळत उजवीकडे ठेवली होती. हे काही मी सांगितलं नाही. इथे लिहितेय तेवढं पुरे. आणि लिहिताना मी 'तो' म्हणायचं सोडलंय हे आत्ता लक्षात आलं, तर आता तसंच राहू दे.

नऊला सहसचिव साहेब आले. मी सगळं सांगितलं. ते पांढरे पडले, भिंतीला टेकले, नव्या प्रती चारदा उलटसुलट केल्या आणि मग रागवायचं विसरून म्हणाले, "पण आता बरोबर आहे ना?"

"आता बरोबर आहे."

अकराला सह्या झाल्या. झेंड्यांच्या काठ्या सारख्या होत्या, मी फूटपट्टी मागून घेऊन स्वतः मोजल्या. आपल्या मंत्र्यांनी डावीकडे सही केली, त्यांच्या मंत्र्यांनी त्यांच्या प्रतीत डावीकडे, मग प्रतींची अदलाबदल, मग उजवीकडे. टाळ्या वाजत होत्या तेव्हा मी भिंतीशी उभी होते आणि टेबलापलीकडच्या भिंतीशी ते. दोघांपैकी कोणीच टाळ्या वाजवत नव्हतं, दोघंही लाखेकडे बघत होतो.

घरी येऊन लेकीला चौदावं कलम वाचून दाखवलं. तिने ते माझ्या हातातून घेऊन स्वतः वाचलं. मग पुन्हा वाचलं. "आधी का नाही सांगितलंस?" म्हणून माझ्यावर ओरडली आणि गळ्यात पडून रडली. हे दारात उभे होते, म्हणाले, "मलाही नव्हतं सांगितलं. आपल्याला फक्त फूटपट्टीचं सांगायची." आणि चष्मा पुसायला लागले. आमच्या घरात चष्मा पुसणाऱ्याला काय झालंय हे आता मला कळतं.

२७ मार्च, शुक्रवार

एक काम राहिलं होतं. मोहोर तोडली की कारण लिहावं लागतं. त्याचंही टिपण दोन प्रतींत, दोन्हींवर दोघांच्या सह्या, एक त्यांच्या दप्तरात, एक आपल्या. त्यांनी त्यांच्या प्रतीत लिहिलं: 'आमच्या शिक्क्याचा ठसा फिका आल्यामुळे.' मी माझ्यात लिहिलं: 'माझ्या हातून कागदांची अदलाबदल झाल्यामुळे.'

सहसचिव साहेबांनी दोन्ही वाचली. "बाई, अहो तीन महिने राहिलेत तुमचे. ते स्वतःहून दोष घेतायत, तर घेऊ द्या. तुमची फाईल स्वच्छ राहील."

"स्वच्छच आहे साहेब. म्हणून तर लिहिलंय."

"मग निदान दोन्हीत एकच काहीतरी लिहा! दोन देशांच्या दप्तरांत दोन वेगळी कारणं? उद्या कोणी विचारलं यातलं खरं कोणतं, तर काय सांगू?"

मी यांच्याकडे बघितलं, म्हणजे घरच्या नव्हे, समोर बसलेल्या यांच्याकडे. विमान दोनचं होतं, कोटाची सगळी बटणं लावून तयार होते. दुभाषी बाईंनी साहेबांचा प्रश्न सांगितला. त्यांनी कप बशीच्या मध्यावर ठेवला आणि अगदी गंभीर चेहऱ्याने उत्तर दिलं. दुभाषी बाई म्हणाल्या, "ते म्हणतात, आपल्या प्रत्येक कराराच्या शेवटी जे वाक्य असतं तेच इथेही घालावं. दोन्ही प्रती सारख्याच ग्राह्य धराव्यात."

साहेब आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले. मग हात टेकले आणि मंजुरीची सही केली.

ते वाक्य मी माझ्या हाताने दोन्ही प्रतींत घातलं. नंतर आम्ही सह्या केल्या. माझ्या प्रतीत माझी डावीकडे, त्यांच्या प्रतीत त्यांची. या वेळी मी दोनदा बघून घेतलं. त्यांनी तीनदा.